एकतीस नंबरचा फॉर्म

४ मार्च, मंगळवार

सव्वाअकराला हवालदारानं दार उघडून तिच्या भावाला आत सोडलं, आणि तिथंच सगळं फिरलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. आज फॉर्मवर मी भरलेली तेवढीच गोष्ट बिनचूक असावी.

आमची खोली कोठडीला लागून. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीला जाळी. वर्षातून दोनदा आम्ही पंधरा-पंधरा दिवस इथं बसतो आणि नुकत्याच धरून आणलेल्या माणसांना विचारतो – काय घेता, कधीपासून, कसं. शहरात कुठली नशा वाढतेय, कुठली उतरतेय, ते त्यातून कळतं. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. तोच नंबर लघवीच्या बाटलीवर. यातलं पोलिसांना काही मिळत नाही, कोर्टालाही नाही. म्हणून तर लोक बोलतात. कालचे एक आजोबा म्हणाले, "गेल्या खेपेचीच उत्तरं उतरवून घे बाळा. प्रगती काही नाही."

कडक नियम एकच. समोर ओळखीचं माणूस आलं, की पेन खाली ठेवायचं, लघवी तपासणाऱ्या नर्सबाईंना बोलवायचं आणि आपण बाहेर जायचं.

मी पेन ठेवलं नाही. तो मला ओळखत नव्हता. मी मात्र त्याला कॉलेजच्या फाटकाशी कितीदा पाहिलंय, माझ्या वर्गातल्या तिला स्कूटरवरून सोडताना. कॉलेज सुटल्यापासून सात महिने तिची काही खबर नाही, आणि हा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेला. उठतोय कशाला मी!

एकतीस नंबर पडला त्याला.

"अटक कशासाठी?"

"खिशात पुड्या सापडल्या. पाच."

"किती दिवसांपासून घेता?"

"घेत नाही. कधीच नाही घेतली."

"मग पुड्या?"

"माझ्याच आहेत म्हणून सांगितलंय." मग टेबलावरचा कागद निरखून म्हणाला, "यावर नाव नसतं ना? मग खरं लिहा."

मनात म्हटलं, सगळेच असं म्हणतात. बाटली हातात दिली.

५ मार्च

एकेका नशेची एकेक पट्टी लघवीत बुडवतात. पट्टीवर दोन रेघा आल्या तर अंगात काही नाही. एकच आली तर आहे. एकतीस नंबरच्या पाचही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा, स्वच्छ. नर्सबाई म्हणाल्या, "या खोलीत खरं बोललेला पहिला इसम. फ्रेम करून लावू या का?"

हवालदाराकडून कळलं, सोमवारी त्याला पुन्हा कोर्टापुढं उभं करणार. तिथंही तो हेच सांगणार, पुड्या माझ्या. सरळ आत जाईल.

आई रात्री जेवताना म्हणाली, "परक्यांना दिवसभर प्रश्न विचारतोस. मी एक विचारला, कॉलेजात परत कधी जाणार, तर तोंडात मिठाची गुळणी."

६ मार्च

पट्ट्यांच्या निकालाची चिठ्ठी फाइलमधून काढून खिशात घातली. तिला दाखवणार. भाऊ सुटेल, आणि सोडवणारा मी असेन.

हे लिहिताना लाज वाटली, तरी खोडत नाही.

७ मार्च, शुक्रवार

गेलो.

तिसरा मजला, जिन्यातला दिवा गेलेला. दार तिनंच उघडलं. वाळली आहे. घरात उकडत होतं, तरी अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मला पाहून तिला नवल वाटलं नाही, आनंदही नाही. "तू? बस."

मी घडाघडा सांगून टाकलं. सर्वेक्षण, नंबर, पट्ट्या, दोन रेघा. चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिनं उलटसुलट करून पाहिली.

"यावर तर नुसतं एकतीस लिहिलंय."

खरंच की. दोन दिवस खिशात पुरावा घेऊन फिरल्यासारखा फिरत होतो. त्या चिठ्ठीवर तिचा भाऊ कुठंच नव्हता. नसावा म्हणूनच तर आम्ही तशी बनवतो.

"तो घेत नाही हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पुड्या माझ्या. माझ्या पिशवीतून काढून कुठंतरी फेकायला निघाला होता. वाटेत धरला. मला निरोप पाठवलाय, तोंड उघडलंस तर याद राख."

माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "किती दिवसांपासून?"

"फॉर्म भरतोयस का?" ती हसली. मग म्हणाली, "दीड वर्ष होईल."

दीड वर्ष. म्हणजे मी वर्गात खुर्ची उचलून त्या शेवटच्या बाकावरच्याच्या डोक्यात घातली, तेव्हाही. तो एवढंच म्हणाला होता, "तुझी ती शुद्धीवर असते का कधी, बघितलंयस नीट?" सात टाके पडले त्याला. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही, कॉलेज सोडलं. आणि तो फक्त बघितलेलं सांगत होता. रोज तिच्याकडे टक लावून बसणारा मी, मला काही दिसलं नाही.

"तू सांगणार आहेस का कुणाला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी सांगावं असं वाटतं तुला?"

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. चिठ्ठी उचलली आणि जिना उतरलो.

८ मार्च

सर्वेक्षण चालवणाऱ्या मॅडमना चिठ्ठी परत केली आणि सगळं कबूल केलं. कुणाचा फॉर्म, कुणाचं घर, तेवढं सांगितलं नाही. वाटलं, हाकलतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "अरे, या खोलीची एक गोष्ट बाहेर गेली ना, तर उद्यापासून इथं कुणी तोंड उघडणार नाही. आणि खुर्चीत बसून तू आपलंच काम करून घेत होतास. सोमवारी ये. सोमवारपर्यंत तुला ठेवायचं का, ते ठरवते."

९ मार्च

दिवसभर घरी. फोनकडे पाहत होतो. कुणाचा येणार होता, कोण जाणे.

१० मार्च, सोमवार

मॅडमनी ठेवलं, सक्त ताकीद देऊन. साडेदहाला हवालदार दारात येऊन म्हणाला, "कालपासून गंमत चालू आहे. भाऊ म्हणतो माझं, बहीण स्वतःहून येऊन म्हणते माझं. साहेबांनी डोकं धरलंय. तिलाही अटक केलीय. फॉर्मसाठी बसवू का? तयार आहे ती, सगळं खरं सांगते म्हणाली."

ती आत आली. तोच स्वेटर. माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. नवा फॉर्म होता, अठ्ठावन्न नंबरचा. मी तो तिच्यापुढं सरळ करून ठेवला आणि पेन खाली ठेवलं.

"नर्सबाई, तुम्ही या. ओळखीची आहे."

बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.