आठवं प्रशिक्षण

निर्वासित वसाहत, उत्तर युगांडा

तीर्थरूप वानीमामांना जोकुडूचा गुडघे टेकून नमस्कार. (इथली जमीन खडकाळ आहे, तेव्हा या नमस्काराची किंमत जाणून घ्या.) सीमेपलीकडे, दक्षिण सुदानात, आपल्या काजो-केजीत तुमचा खोकला कसा आहे? एकटे आहात, वेळेवर जेवता ना? आमचं इथं इतकं छान चाललंय की लिहिल्यावाचून राहवेना.

मामा, आमच्या बायकांच्या गटाला पिठाची गिरणी मिळाली. पाच वर्षांत मदतवाल्या संस्थेनं आम्हाला सात प्रशिक्षणं दिली. साबण झाला, शिवण झालं, मधमाश्या झाल्या. (पेट्या होत्या, माश्या नव्हत्या, त्या शेवटच्या दिवशी आल्या आणि प्रमाणपत्रं पळतपळत वाटावी लागली.) सातही प्रमाणपत्रं भिंतीला लावलीत, वारा अडतो. पण मका दळायला दोन तास चालत बाजारगावी जायचं, आणि रांगेत आम्ही निर्वासित अन् इथल्या गावकरी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायचो. "देशात आलात ते आलात, आता रांगेतही पुढं?" असं गावातली आयिकोरू मला म्हणायची. तिच्या सासऱ्यांच्याच जमिनीवर आमची वसाहत आहे. एकदा ओढाताणीत दोघींच्या टोपल्या उपड्या झाल्या, पीठ एक झालं, कुणाचं किती कळेना. वाटणी करताकरता हसू फुटलं, तेव्हापासून आमची मैत्री.

पावसाआधी मदत देणाऱ्या देशाच्या एक बाई आल्या. सोबत संस्थेचे साहेब. म्हणाले, "बोला, आता कसलं प्रशिक्षण हवं?" मी म्हटलं, "गिरणी हवी." "ताई, या योजनेत वस्तू बसत नाही, प्रशिक्षणच बसतं." आयिकोरूनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "मग गिरणी चालवायचं प्रशिक्षण द्या साहेब. ह्या आणि आम्ही, एकत्र शिकू." 'एकत्र' ऐकताच बाईंनी वही उघडली. साहेब म्हणाले, "त्याला गिरणी लागेल." आयिकोरू म्हणाली, "ते आता तुम्ही बघा."

गिरणी आली. शिकवायला कंपालाहून गुरुजी आले. तीन दिवस त्यांनी फळ्यावर इंजिन काढलं, चौथ्या दिवशी खरं इंजिन त्यांना दाद देईना. शेवटी मी पुढं झाले आणि तुमच्या गिरणीत तुम्ही शिकवलंत तसं हँडल मारलं. इंजिन धडधडलं. पन्नास बायकांनी एका सुरात ललकारी दिली. (गुरुजीही शिकले. त्यांना आम्ही माझंच एक प्रमाणपत्र दिलं, नाव खोडून. शिवणाचं होतं, पण त्यांनी घेतलं.) आता बाजारगावच्या बायका आमच्या रांगेत उभ्या राहतात. मामा, घर सोडल्यापासून मला काय येत नाही हेच सगळ्यांनी लिहून घेतलं होतं. त्या दिवशी काय येतं ते पाहिलं.

तुमची भाची आणि गिरणीची अध्यक्ष,
जोकुडू

ता. क. गिरणी मंगळवारपासून बंद आहे. काळजीचं काही नाही, पट्टा तुटलाय. पुढल्या महिन्यात बाई फोटो काढायला येणार आहेत. तुमच्या बंद पडलेल्या गिरणीचा पट्टा हवा होता.

आणखी ता. क. पट्टा कुणाच्या हाती धाडू नका, स्वतः घेऊन या. 'निर्वासित म्हणून मी सीमा ओलांडणार नाही' हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आयिकोरूच्या सासऱ्यांनी तुमच्या झोपडीला जागा दिली आहे. शिवाय संस्थेत परदेशी तज्ज्ञाची जागा रिकामी आहे आणि तुम्ही परदेशातलेच. नाव देऊन टाकलंय.