अप्पांनी कॉम्प्रेसर बदलला त्याची हकीकत

सुदामा नगर, इंदूर
सोमवार, दुपार (ऑफिसातून, कारण खाली येईल)

ती. सौ. पूर्वाताईस,

दिवाकरचा नमस्कार, तोही नऊ बोटांचा. तू, भाऊजी आणि ईशा खुशाल असाल. मे महिन्यातसुद्धा संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागते असं तू बंगळूरहून सांगतेस, तेव्हा मी फोन कानापासून जरा लांब धरतो, एवढं कळवून हवामानाचा विषय संपवतो. इथे तुझी भावजय मंजिरी बरी आहे, अप्पा नको इतके बरे आहेत आणि माझा उजवा अंगठा सरकारदरबारी मृत झाला आहे.

अतिशयोक्ती नाही. दोन आठवड्यांपासून ऑफिसच्या दारातलं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. मी तो लावतो, आतली बाई गोड आवाजात ‘कृपया दोबारा प्रयास करें’ म्हणते आणि मागे उभी असलेली रांग मला काय म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एकवीस वर्षांत या खात्याने माझं काम कधी ओळखलं नाही, ते मी मनावर घेतलं नव्हतं. पण अंगठा? साहेबांना साल निघालेला अंगठा दाखवला तर म्हणाले, दिवाकरजी, अर्ज करा. अर्ज केला. खाली सही केली, तर क्लार्क म्हणतो, ओळख पटवायला अंगठाही लागेल. तर मी गैरहजर आहे, आणि गैरहजर माणसाला भरपूर वेळ असतो म्हणून हे पत्र. (फोनवर हे सांगता येत नाही. तुझा फोन आला की अप्पा स्पीकर सुरू करायला लावतात.)

अंगठ्याचं मूळ कारण तू आहेस. रागावू नकोस, आठव. मार्चमध्ये सिग्नलचा हिरवा दिवा दोनदा लागून गेला तरी अप्पांनी गाडी हलवली नाही आणि तिसऱ्यांदा लाल असताना हलवली. मी शेजारी बसलो होतो. तो ट्रकवाला भला माणूस होता म्हणून आज मी विनोदी लिहू शकतो. आणि अप्पा दर गुरुवारी एकटेच मानपूरला कृष्णरावांकडे जायचे, हायवेने, त्याच ट्रकांच्या गर्दीतून. अप्पांच्या मिलमधल्या जुन्या मंडळींपैकी आता कृष्णराव एकटेच उरलेत. ‘अप्पा, तुम्हाला दिसत नाही, किल्ली द्या’ असं म्हणायची हिंमत तुझ्यात नव्हती. माझ्यात तर नाहीच. मी फक्त लिहिण्यात तिखट आहे. ‘एसी बिघडलाय म्हणून सांग, उन्हाळ्यात कोण गाडी काढतं’ ही शक्कल तुझी. ती अमलात आणली मी. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यातून एसीचा रिले काढला (काडेपेटीच्या अर्ध्या आकाराचा काळा ठोकळा असतो, तो नसला की कॉम्प्रेसरला करंट जात नाही) आणि माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला. बेत चोख होता. फक्त फिटरला यंत्र बिघडलंय असं सांगणं म्हणजे त्याला जेवायचं आमंत्रण देणं, हे गिरणीतल्या फिटरच्या दोन्ही मुलांना सुचू नये, याला काय म्हणावं ते तूच ठरव.

अप्पांनी बॉनेट उघडलं, कान लावला, हात फिरवला आणि निकाल दिला: कॉम्प्रेसर बदलायचा. वर्कशॉपला नाही, घरीच. मी म्हटलं, अप्पा, आता काय गरज आहे? ते म्हणाले, गरज नसती तर तू सांगितलं असतंस का? नवा कॉम्प्रेसर मागवला. फूटी कोठीकडे एसीचं काम करणाऱ्या पियुषने येऊन आधी जुना गॅस मशीनमध्ये काढून घेतला, कारण तो हवेत सोडणं अप्पांच्या मते गुन्हा आणि शिवाय घाण काम. मग पोर्चमध्ये जुनी चादर पसरली आणि अप्पांनी तो खाकी कापडाचा रोल सोडला. तोच, पान्यांचे कप्पे शिवलेला. दहा नंबरचा कप्पा अजून रिकामाच आहे. ‘हा पूर्वाने हरवला,’ असं ते पियुषला कौतुकाने सांगतात, जसं काही तू एखादं बक्षीस मिळवलं होतंस. बॅटरीची तार सोडवायला नेमका दहाचाच लागतो. मी मोठ्या ॲडजस्टेबल पान्याने ती सोडवायला गेलो, पाना सटकला आणि अंगठ्याचं साल बॅटरीवर राहिलं. म्हणजे सरकारने ज्याला ओळखायला हवं तो अंगठा आता आपल्या गाडीत आहे.

तार सुटल्यावर अप्पांनी ती बाजूला वळवून ठेवली आणि सहज बोलावं तसं सांगितलं: मिलमध्ये मशीनमध्ये हात घालायचा तर आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, दुसऱ्याकडे नाही, स्वतःच्या. मग जॉबर येवो की मॅनेजर, कोणी फ्यूज मागायचा नाही. फक्त विचारायचं, काम झालं का? झालं नसेल तर थांबायचं. पियुष ‘सई बात है काकाजी’ म्हणाला. माझ्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं घर होतं. ताई, रिलेला वजन नसतं, पण त्या दिवशी माझा डावा खांदा दुखला.

दोन रविवार काम चाललं. पट्टा सैल केला, दोन्ही नळ्या सोडवल्या, चार बोल्ट काढले. प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर, खाली खडूने आकडा. जुन्यातलं तेल काढून मापलं आणि तेवढंच नव्यात ठेवलं, तेही माझ्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. आणि मी एक गोष्ट पाहिली, जी मी वर्षभर पाहायचं टाळत होतो. अप्पा बघत नव्हते. बोटांनी चाचपत होते. बोल्ट कुठे आहे ते अंगठ्याने शोधायचे आणि मग उगीच मान तिकडे वळवायचे, आमच्यासाठी. तेलाच्या बाटलीवरचा आकडा मला वाचायला लावला. म्हणाले, चष्मा आत राहिला. चष्मा नाकावर होता. मंजिरी चहा घेऊन आली होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी आकडा वाचला.

परवा शेवटचं काम. पियुषने पंप लावून नळ्यांतली हवा ओढून घेतली, मग गॅसचं सिलिंडर जोडलं, इंजिन सुरू केलं, एसीचं बटण दाबलं. पंखा फिरला, कॉम्प्रेसर ढिम्म. पियुषने दोनदा तपासलं. ‘काकाजी, क्लच नी लग रिया. करंटई नी आ रिया.’ अप्पा त्याच्याकडे वळलेच नाहीत. हात पुसत माझ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘दिवाकर, काम झालं का तुझं?’

मी चष्म्याचं घर उघडलं. त्यांनी हात पुढे केला नाही. मलाच जाऊन रिले बसवावा लागला, आणि कोणती खाच कुठे ते त्यांनीच हाताला धरून दाखवलं. टक् करून कॉम्प्रेसरचा क्लच लागला. पियुष म्हणाला, ‘भिया, ये कौन से नंबर का चश्मा पेनते हो?’ हसलो आम्ही तिघेही, पण मी जरा उशिराच.

तो गेल्यावर अप्पा म्हणाले, बेअरिंग दिवाळीपासून घरघरत होतं, सील ओलं झालं होतं; कॉम्प्रेसर बदलायचाच होता. रिलेची जागा रिकामी आहे हे पहिल्याच दिवशी हाताला लागलं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, ‘फ्यूज तुझ्या खिशात होता. पण फ्यूज काढला की कामही करायचं असतं रे. नुसता खिशात घेऊन फिरायचं नसतं.’

तेव्हा मी ते काम केलं. म्हटलं, अप्पा, तुम्हाला दिसत नाही. त्यांनी हातातला पाना पुसून रोलमध्ये सरकवला. मग म्हणाले, ‘डावा बरा आहे अजून.’ आणि किल्ली खिडकीच्या कठड्यावर ठेवली. ‘मानपूरला तू घेऊन चल.’

काल गेलो. एसी असा गार की मी चालवताना खोकत होतो. महूच्या पुढे अप्पांनी तो बंद केला आणि काच खाली केली. म्हणे कानांना दडे बसतात. (कॉम्प्रेसरची किंमत तुला वेगळी कळवत नाही, तुझ्या कानांना दडे बसतील.) एका ठिकाणी त्यांनी विचारलं, बोर्डवर काय लिहिलंय? अक्षरं माझ्या हाताएवढी होती. मी म्हटलं, मानपूर. ते म्हणाले, हां, मलाही तसंच वाटलं.

भाऊजींना नमस्कार, ईशाला आशीर्वाद.

तुझा,
दिवाकर

ता.क. रिलेची कल्पना कोणाची, हे अप्पांनी विचारलं. मी माझी म्हणून सांगितलं. मोठेपणा म्हणून नाही. कारण तिसऱ्या ता.क.मध्ये आहे.

ता.क. २. खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायला अप्पा तयार नाहीत. ‘पूर्वा आली की बघू,’ म्हणतात. आठ दिवस ये. जुलैत ये. त्यातला अर्धा फ्यूज तुझ्याही खिशात आहे.

ता.क. ३. तो दहा नंबरचा पाना १९८६ साली तू हरवला नव्हतास. मी सायकलची सीट वर करायला नेला आणि तो नालीत पडला. विचारलं तेव्हा तुझं नाव सांगितलं, आणि अप्पांनी महिनाभर तुझी सायकल बंद केली. तू रडली नव्हतीस, मला ते जास्त लागलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत (गैरहजर माणसालाही असते) सियागंजात जाऊन दहाचा एक पाना आणला. संध्याकाळी अप्पा फिरायला गेले की रोल सोडीन, त्या कप्प्यात तो सरकवीन आणि होती तशीच गाठ मारून ठेवीन. त्यांच्या हाताला लागेलच.