लाल रेषेवरचा काटा

मंगळवार, दिवेलागणीनंतर

मामंजींची जुनी गाडी आज भंगारात जाता जाता वाचली. गणरायाची कृपा. शनिवारपासून इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवरून हलत नव्हता. इंजिन गेलं असं धरून ह्यांनी उल्हासनगरच्या भंगारवाल्याला उद्या बोलावलंही होतं. मला मात्र तो काटा पटत नव्हता. रात्रभर गार पडलेली गाडी, आणि चावी फिरवताक्षणी लाल? गॅसवर चहाला तरी इतक्यात उकळी येते का?

शेवटी म्हटलं, "अहो, एकदा बॉनेट उघडून तरी बघा."

आत माझीच लिंबू-मिरची! बाहेर बांधली की कुणीतरी ओढून नेतं, म्हणून शनिवारी मीच ती आत बांधली होती. तिच्या तारेचं एक टोक काट्याच्या वायरीच्या उघड्या टोकाला टेकलेलं, दुसरं इंजिनच्या लोखंडाला; म्हणजे शॉर्ट. ह्यांनी तार काढली आणि काटा सरळ खाली.

"अगं, दृष्ट काढायला गेलीस नि गाडीला ताप आणलास!" हे हसतच सुटले.

लगेच भंगारवाल्याला फोन. "साईं, कल मत आओ. पेशंट ठीक हो गया."

संध्याकाळी लिंबू-मिरची पुन्हा बांधली. सुती दोऱ्यात, बाहेरच. नेली कुणी तर नेऊ दे.