जिन्याच्या तोंडचा खटका

३ सप्टेंबर

तळघरात पुन्हा पाणी! जिन्यावरून वाकून पाहिलं तर घोट्याच्या वर. आणि सासूबाई माझ्याआधी खाली पोचलेल्या — बाह्या सरसावून, हातात बादली! "आई, आधी वर या!" तर म्हणतात, "तू तुझं दुकान बघ." त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यात सध्या आमच्याकडे पाण्याला तोटा नाही.

वर आल्या तेव्हा धाप लागलेली, ओठ निळसर. डॉक्टरांनी जिना चढउतार बंद सांगितली आहे. ऐकतं कोण?

५ सप्टेंबर

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासत होते, लक्ष सगळं घरी. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी कामावर, त्या बादली घेऊन एकट्या तळघरात, आणि हृदय असं! पाय घसरला तर हाक मारायलाही कुणी नाही. मला आता दुसरं माणूस गमवायचं नाही.

ठरवलं. खड्डा खणून पक्का पंप बसवायचा.

जेवताना सांगितलं. आईंनी हातातला घास ताटात ठेवला. "ज्याने माझा मुलगा नेला तेच परत घरात आणतेस?"

मागच्या वर्षी ह्यांनी कुणाचा तरी पंप मागून आणला होता. वायर पुरेना म्हणून एक्सटेन्शन लावलं. त्याचा जोड पाण्यात पडला, आणि हे पाण्यात उभे. पुढचं लिहवत नाही.

६ सप्टेंबर

आईंनी अबोला धरला आहे.

९ सप्टेंबर

वायरमन येऊन बघून गेला. मागच्या वर्षीचं सगळं मीच सांगून टाकलं, म्हणजे त्याला इकडून तिकडून कळायला नको. बिचारा चहा प्यायचाच विसरला. मग म्हणाला, "ताई, यात एकही जोड ठेवणार नाही. सरळ एक वायर." मी म्हटलं, लिहून द्या. हसला. मी चेष्टा करत नव्हते.

१३ सप्टेंबर

घरभर सिमेंटची धूळ! सगळ्यात खोलगट कोपऱ्यात फरशी फोडली, खड्डा खणला. त्यात भोकं पाडलेला पिंप, भोवती खडी. पिंपात सपाट दगडावर पंप, म्हणजे गाळ ओढणार नाही. वायरमन कामाशी बोलतो — "बस राजा, बस. असा सरळ." पाइपलाही राजा, स्क्रूलाही राजा.

प्लग भिंतीवर डोक्याच्या उंचीला, वेगळी लाइन, अर्थिंग तपासून. पाइप पार कुंपणाजवळ नेला. भिंतीलगत सोडला तर तेच पाणी झिरपून परत आत! पाइपात एक झडप, उलटं पाणी खड्ड्यात येऊ नये म्हणून. आणि जिन्याच्या तोंडाशी, कोरड्यात, पंपाचा खटका. त्यावर एक छोटं बटण. "वीज कुठे पाझरली तर खटका आपोआप पडतो. तो पडतो की नाही ते या बटणाने बघायचं. पडला म्हणजे तुमच्या जिवाला घोर नाही. आणि खाली उतरायच्या आधी लाइन बंद, नेहमी."

आई स्वयंपाकघरात पाठ करून बसल्या होत्या. चहा झाल्यावर किटलीला म्हणाल्या, "सांग तिला, निवतोय."

१५ सप्टेंबर

पंप सुरू! खड्ड्यात पाणी चढलं, तरंगता गोळा वर आला आणि पंप आपला आपण चालला. कुंपणापाशी पाणी भळाभळा पडताना पाहिलं आणि रडू फुटलं. इतकं साधं होतं! इतक्या साध्या गोष्टीसाठी माझा माणूस गेला. वायरमन पान्यांची पिशवी उगाचच आवरत बसला.

आई बघायला आल्या नाहीत.

१९ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. घरी येऊन बघते तर तळघरात पाणी! पंप मुका! खाली पाऊल टाकलं नाही, वायरमनला फोन केला. तो आला, बघितलं, खटका पडलेला. वर केला, पंप लागला. बाकी सगळं ठीक. "बघू परत पडतो का."

२२ सप्टेंबर

परत पडला. वायरमनने एकूणएक तपासलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, कुणीतरी बटण दाबतंय."

"मी दाबते."

आई! खड्डा खणायचं ठरल्यापासून माझ्याकडे तोंड करून बोललेला हा पहिला शब्द. दारात उभ्या, नाकावर राग. "ही रोज सकाळी खाली डोकावायला जाते. त्याआधी मी पाडते. दुधाने तोंड पोळलंय माझं. एक गेला. हिला नाही जाऊ देणार."

"अहो आजी, मग नंतर वर का नाही करत?"

"वर करायचा असतो?"

वायरमनला हसू आवरेना. मी आईंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "पुरे. धूळ आहे तुझ्या अंगाला."

"आजी, महिन्यातून एकदा दाबलं तरी चालतं."

"तुझ्या घरी कर महिन्यातून एकदा."

२७ सप्टेंबर

आता रोजचं ठरलेलं. आई खटक्याखाली स्टूल घेऊन बसतात. बटण दाबतात — खट्! मग म्हणतात, "जा." मी खाली जाते, गोळा अडकलेला नाही ना, खड्ड्याचं झाकण नीट आहे ना, बघते. वर येऊन म्हणते, "आले, आई." मगच खटका वर, दुसरं खट्. मी पायरीवर असताना हात लावत नाहीत. बादली आता माळ्यावर. त्या खाली उतरत नाहीत, एवढं मिळालं तरी मी जिंकले.

४ ऑक्टोबर

आज उशीर झाला म्हणून खाली न जाताच निघाले. आई रुसल्या! परत फिरले, जाऊन आले. दुकानात बोलणी खाल्ली.

११ ऑक्टोबर

दुसऱ्या खट्नंतर आईंनी आज माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "त्याला कुणी 'थांब' म्हणालं नाही गं."

१६ ऑक्टोबर

सकाळी एकच खट् झालं. "जा," म्हणाल्या. खाली गेले, गोळा पाहिला, झाकण पाहिलं, वर आले. आई स्टुलावर, डोकं भिंतीला टेकलेलं. म्हटलं, "आले, आई." पुन्हा म्हटलं.

डॉक्टर येऊन गेले. तळघरात पाणी चढत होतं. खटका मी वर केला.