खुर्चीवरची पिशवी

मंगळवार, संध्याकाळ. एरंडोल.

यंदा कॅल्क्युलसला नेटवरचं फुकट पुस्तक लावलं. मीच लावलं. पोरांच्या मोबाइलमध्ये अख्खं पुस्तक, सोडवलेल्या उदाहरणांसकट. चांगलंच झालं की. पण तेव्हापासून कॉलेजात, गणित विभागात माझ्याकडे कुणी फिरकत नाही. परवा एकाला विचारलं, तर म्हणाला, "सर, बठ्ठं त्यामाच शे." खरं आहे, सगळं त्यातच आहे. मग मला एवढं का लागावं?

गणिताला मी एकटाच. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायला पूर्वी पोरांची भांडणं व्हायची. आता ती रिकामी बघवत नाही, म्हणून मी तिच्यावर माझी पिशवी ठेवतो.

आज वर्गात एका उदाहरणाचं पुस्तकातलं उत्तर चुकीचं निघालं. सगळ्यांनी तेच लिहून आणलेलं. पाळधीहून येणारी वैशाली हळूच म्हणाली, "माझं वेगळं येत होतं सर. मग पुस्तकाशी जुळवून घेतलं."

मी चिडलो. "मला विचारायचं नाही?"

"दोनदा आले होते विभागात. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभे होते आणि खुर्चीवर पिशवी होती. वाटलं, तुम्ही निघालात."

पुढे काय शिकवलं, आठवत नाही. विभागात आलो, पिशवी खाली फरशीवर ठेवली आणि बसून राहिलो. कुलूप लावायला आमचे शिपाई नाना आले. दारातूनच म्हणाले, "सर, कोणी येणार आहे का?"

हो म्हणालो.