माद्यांच्या खोलीतला फोटो

सर, तुमचा फोटो मी हलवला. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घालून इतकी वर्षं होतात ना, तिथून काढला आणि आतल्या खोलीत लावला. माद्यांच्या खोलीत. हो, आता आपल्या लॅबमध्ये उंदरांच्या माद्यांना वेगळी खोली आहे, आणि लॅब मी चालवते. तुमच्या डोळ्यांसमोर त्यांच्या पिंजऱ्यांची रांग आहे. बसा बघत.

परवा तुमची पुण्यतिथी होती. चेण्याहून येणारे मामा, जे पिंजरे साफ करतात, ते उदबत्तीचा पुडा घेऊन दारातच थबकले. "म्याडम, सायबांचा फोटू हितं? मंग उदबत्ती कुठं लावू?" म्हटलं, "नाही लावायची मामा. जनावरांच्या खोलीत वास चालत नाही." "आन् हार?" "चंदनाचा हारही वासाचाच." "म्हंजी सायबांना काईच न्हाय?" "काहीच नाही." मामा पुटपुटत गेले आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! कारण नियम तुमचाच होता. हाटकेशच्या गाळ्यातल्या आपल्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी मी आले, तेव्हा आईने हौसेने माळून दिलेला गजरा तुम्ही मला सगळ्यांसमोर काढायला लावलात. "लग्नाला आलीयस का? उंदरांना त्रास होतो." गजरा जिन्यातल्या डब्यात टाकून मी परत आत आले, आणि तुम्ही मला उंदीर कसा धरायचा ते शिकवायला घेतलंत.

मी तुमच्याकडेच का आले, ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. माझ्या धाकट्या बहिणीला फिट्स यायच्या. तुम्ही उंदरांना औषध टोचून झटके आणायचात. झटक्यांनंतर मेंदूला सूज येते, आणि ती सूजच पुढच्या झटक्याला वाट करून देते. अशा वेळी प्रोजेस्टेरॉन दिलं तर सूज उतरते का, पेशी तगतात का, हे तुम्ही बघत होतात. आता बघा, हॉर्मोन कुठलं, तर बायकांच्या अंगात महिनाभर वरखाली होणारं. आणि ते तपासायचं कुणावर, तर फक्त नरांवर! माद्यांचं चक्र असतं, आकडे हलतात, नको ती कटकट. सगळीकडे असंच करतात, असं तुम्ही म्हणायचात.

पेणकरपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई कधीपासून सांगत होती, "हिला पाळी तोंडावर आली की येतात गं." डॉक्टर मान डोलवायचे आणि त्याच गोळ्या परत लिहून द्यायचे. एकदा चहाच्या वेळी धीर करून मी ते तुम्हाला सांगितलं. माद्यांवरही करून बघूया का, असं विचारलं. तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "तुझ्या आईच्या चार दिवसांवर सायन्स चालत नाही." सगळे हसले. माझी आई तिथे नव्हती, पण सर, हसले ते तिला.

मग ती गडबड झाली. नर म्हणून आलेल्या एका पिंजऱ्यात सगळ्या माद्याच निघाल्या. पिल्लं आली तेव्हा कुणी धड तपासली नव्हती, आणि लक्षात येईपर्यंत औषधं सुरू झालेली. मी पिंजऱ्यासमोर बसलेय. हॉर्मोन चालू आहे तोवर त्यांचे झटके अगदी हलके. हॉर्मोन थांबवलं आणि झटके दणकून परत आले. हे तर माझ्या घरातलंच चाललंय. पाळीच्या आधी हॉर्मोन उतरतं आणि आमची पोरगी धाडकन पडते! मी धावत तुमच्या केबिनमध्ये आले. तुम्ही मानही वर केली नाहीत. "चुकून आलेल्या ना? मग मोजू नकोस. काढून टाक."

पुढच्या वर्षी एका सकाळी टँकर आला म्हणून आई बादल्या घेऊन खाली उतरली, आणि बहिणीला बाथरूममध्ये फिट आली. पाळी तोंडावर होती. दार शेजाऱ्यांनी तोडलं. तुम्ही भेटायला आलात, पाच मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसलात, आणि निघताना म्हणालात, "हवी तेवढी सुट्टी घे." आई तुमच्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिच्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही, चिडले. उत्तर न देताच सुटलात की हो! मग मी माद्या मागवल्या. मुद्दाम, नर म्हणून नाही, माद्या म्हणूनच. जे त्या पिंजऱ्यात दिसलं होतं तेच पुन्हा दिसलं. आणि मेंदूचे काप लावलेल्या काचपट्ट्यांवर सूजही दिसली, हॉर्मोन असताना उतरलेली, काढल्यावर परत चढलेली. सगळ्यांपुढे मांडायची वेळ आली, तेव्हा चहाच्या वेळी हसलेले तुमचे ते शिष्य पहिल्याच रांगेत बसले होते, आता पोटं सुटलेली. मी सुरुवातच केली, "हे निरीक्षण मूळचं माझ्या आईचं आहे." हसा म्हटलं आता. एकालाही हसू फुटलं नाही.

तुम्ही ऐकलं असतंत तर माझी बहीण वाचली असती का? माहीत नाही. उंदराला लागू पडलेलं माणसाला लागू पडेलच असं नाही, आणि पडलं तरी पोचायला वर्षं जातात, हे तुम्हीच शिकवलंत. तरी तुम्ही ऐकायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि फोटोही आहे तिथेच राहील.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? माद्यांना घरटं करायला आम्ही कागदाच्या पट्ट्या देतो. मनात होतं, याच्याही पट्ट्या कराव्यात आणि तुमच्या डोळ्यांदेखत त्यांच्यापुढे टाकाव्यात. आज सकाळी पिंजऱ्याचं झाकण उघडून उभीही राहिले. पण शाईचा कागद पिंजऱ्यात जाता कामा नये, हा तुमचा नियम. तो काही माझ्याच्याने मोडवला नाही, सर. कागद घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि कोऱ्या पट्ट्या आणायला गेले.