डोळे-तपासणीची जय्यत तयारी

५ सप्टेंबर १९६६, सोमवार
उमरोळीच्या या शाळेला वळण लावायचेच. यजमान तारापूरला वीजघर बांधताहेत. मी निदान तिसरीचा वर्ग उभा करीन. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस मार्कांप्रमाणे बसवायच्या. हुशार पुढे, ढ मागे. आणि फळ्यावर लिहिताना स्वतः तोंडातून चकार शब्द काढायच्या नाहीत. काय ती शांतता! दोन्ही पद्धती उद्यापासून लागू.

१२ सप्टेंबर
ठमी नावाची पोर. आईबाप डोंगरातले. श्रुतलेखन बिनचूक, फळ्यावरची गणिते दिली की पाटी कोरी. म्हणजे येते, पण करत नाही. शुद्ध माज. दुसऱ्या रांगेतून चौथ्या रांगेत.

२२ सप्टेंबर
चौथ्या रांगेतून शेवटच्या रांगेत. आता डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघते. मला वेडावते! शिवाय शेजारणीच्या पाटीत नाक खुपसते. आमच्या वेळी याला कॉपी म्हणत.
झाडलोटीची साखरबाई दारातून म्हणाली, "बाई, पोरीला दिसत नाय वाटतं. काल पान्याच्या मडक्यावर आपटली."
आता झाडूवालीने निदान करायचे! म्हटले, तू कोपरे नीट झाड. तर म्हणते, "कोपरे मला दिसतात, बाई."
उर्मट.

२९ सप्टेंबर
ठमीचा बाप सुका आला. सहामाहीत नापास झाली तर दिवाळीनंतर पोरीला वीटभट्टीवर नेणार. "धाकल्याला सांभाळंल तरी." ठमी हमसून रडली. मला गलबलून आले. पण शिस्त ती शिस्त.

४ ऑक्टोबर, मंगळवार
सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर येणार. हेडमास्तर नागोरावांनी अक्षरांच्या तक्त्याचा नमुना दिला. शाळेच्या अब्रूचा प्रश्न! रोज तासभर वर्गाकडून पाठ करून घेते, तळाच्या बारीक ओळीसकट. बाकीचे अडखळतात. ठमी एका दमात म्हणते, तेही शेवटच्या रांगेतून! दृष्टी घारीची आहे पोरीची. साखरबाईला मुद्दाम बोलावून ऐकवले. प्रगतिपुस्तकात शेरा: 'सर्व दिसते. आळशी.'

१० ऑक्टोबर, सोमवार
ठमीने सगळा तक्ता घडाघडा म्हटला. एक अक्षर चुकले नाही.
डॉक्टरांनी तो अजून पिशवीतून काढलाही नव्हता.
मग त्यांनी दुसराच तक्ता लावला आणि सर्वांत वरच्या, ताटाएवढ्या अक्षरावर छडी ठेवली. ठमी म्हणाली, "कुठंय?"
पोरीला मागे कोणी बसवले, असे डॉक्टरांनी विचारले. नागोरावांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर.

२९ ऑक्टोबर, शनिवार
चष्मा परीक्षेच्या आदल्या दिवशी आला. ठमी पास, वर्गात तिसरी. सुका निकाल ऐकून म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग हितंच." श्रेय अर्थात माझ्या शिस्तीचे. पोरीच्याच तोंडून ते सर्वांना कळावे, म्हणून भर वर्गात विचारले, आता काय फरक वाटतो, सांग.
ठमीने आधी फळ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "बाई, तुमी फळ्यावर लिवता? मला वाटायचं, रोज नुसतं पुसता."